तारा किती आणि जुळवणी कोणती?

तंबोरा जुळल्यावाचून गाणे सुरू होत नाही, हे आपल्या मंडळातील भगिनींना सांगावयास नको. तो कसा जुळवावा हेही गाण्यावरच ठरते. बहुतेक रागांना पहिली तार पंचमात लावतात. पण मालकंसात पंचम वर्ज्य, म्हणून तेथे ती मध्यमात लावावी लागते. अशीच निवड, परंतु याहून पुष्कळ अवघड, मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाच्या हवाईयन गिटारच्या वाट्याला आली. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकांतून तिचा लांबत जाणारा, गळ्यासारखा आवाज आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्या आवाजामागील जुळवणीची हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर १७९३ साली कॅप्टन व्हँकूव्हर याने गुरे आणली व ती तेथील राजाला भेट दिली. पुढे ती मोकाट वाढून शेतांची नासधूस करू लागली. तेव्हा १८३०च्या दशकात, तिसऱ्या कामेहामेहा राजाच्या कारकीर्दीत, कॅलिफोर्नियातून मेक्सिकन गुराखी बोलावण्यात आले. त्यांच्याबरोबरच गिटार बेटांवर आली असे मानले जाते. तेथील लोकांनी तिच्या काही खुंट्या सैल केल्या, आणि मोकळ्या तारांवरून नुसता अंगठा फिरविला तरी गोड स्वरमेळ उमटेल अशा जुळवण्या बसविल्या. या जुळवण्या घरोघरी निरनिराळ्या असत आणि बाहेरच्या माणसाला त्या सहसा सांगत नसत. आजीच्या हातचे मसाल्याचे प्रमाण जसे घरातच राहते, तसेच हे. मात्र त्यात एक धोकाही होता. जाणते माणूस गेले की गिटार भिंतीवर टांगलेली राहावी आणि तिची जुळवणी कोणालाच ठाऊक नसावी, अशी वेळ येई.

अशा सैल तारांच्या गिटारवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या शाळकरी मुलाने एक नवाच प्रयोग केला. बोटांनी तारा दाबण्याऐवजी त्याने लोखंडाचा तुकडा तारांवरून सरकविला. शाळेच्या कारखान्यात त्याने मग त्यासाठी पोलादाची गुळगुळीत कांडी करून घेतली. १९०४ साली तो हवाई सोडून निघाला आणि अमेरिका व युरोप येथे हे वादन त्याने लोकांपुढे नेले. १९१५च्या सॅनफ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईयन संगीत ऐकून तर अमेरिकेला त्याचे वेडच लागले.

येथेच खरी अडचण उभी राहिली. बोटे पाच आहेत, ती वेगवेगळ्या पडद्यांवर ठेवता येतात. कांडी एकच आणि ती सरळ! ती जेथे ठेवाल तेथे सर्व तारा एकदमच तितक्या चढतात. म्हणून तारांमध्ये जे नाते खुंट्यांनी बांधून दिले, तेच नाते शेवटपर्यंत राहते. त्या काळची एक प्रचलित जुळवणी खर्जाकडून सा ग प सा ग प अशी होती. कांडी कोठेही ठेवा, सा-ग-प हा प्रसन्न स्वरमेळ मिळालाच. पण कोमल गंधाराचा, उदास छटेचा स्वरमेळ हवा असेल तर? तो सहा तारांत कोठेच सापडेना. कांडी तिरपी धरून काही थोडे साधे, पण ते कौशल्याचे आणि तात्पुरते.

वादकांनी यावर नवनव्या जुळवण्या शोधल्या. होनोलुलूत जन्मलेल्या सोल हूपी याने १९३०च्या दशकात उदास छटेच्या, म्हणजे मायनर, स्वरमेळाची जुळवणी पुढे आणली. त्यानंतर अमेरिकेतील जेरी बर्ड (१९२०–२००५) याच्या वादनाने एक जुळवणी घरोघर पोचली. तिचे स्वर आपल्या भाषेत सा ग प ध सा ग. तिच्यात धैवताची एकच भर आहे, पण गंमत पाहा. सा-ग-प या तारा छेडल्या तर आनंदी स्वरमेळ मिळतो. शेजारच्याच ध-सा-ग छेडल्या तर उदास. कांडी तसूभरही हलवावी लागत नाही. आठ तारांच्या गिटारवर हीच जुळवणी ध सा ग प ध सा ग प अशी पसरता येते.

दुसरा मार्ग तारा वाढविण्याचा. या बाबतीत शिकागोच्या लेट्रिशिया कँडल (१९१५–२०१०) या बाईंचे नाव आपल्यासारख्या महिला मंडळाने अवश्य लक्षात ठेवावे. एका जुळवणीत सर्व गाणी बसत नाहीत, हे पाहून त्यांनी एका चौकटीत चार गिटारी बसविण्याची कल्पना काढली. तीन सहा तारांच्या, एक आठ तारांची, अशा एकंदर सव्वीस तारा! १९३७ साली नॅशनल या कंपनीने हे वाद्य तयार केले. ‘ग्रँड लेटार’ असे त्याचे नाव. वाद्य इतके मोठे की मांडीवर घेण्याचा प्रश्नच नव्हता; बाई उभ्याने ते वाजवीत. वाद्यविद्येत नवी वाट काढणाऱ्या या स्त्रीचे नाव पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेले होते आणि तिच्या वृद्धापकाळी, एकविसाव्या शतकात, ते पुन्हा लोकांपुढे आले.

तिसरा मार्ग पेडलचा. वाजविता वाजविता पायाने एखादी तार चढवावयाची. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने हे असे काही केले की, पुष्कळ वादकांनी आपापल्या गिटारींना पेडल जोडून घेतले.

आपल्या देशात या वाद्याने निराळेच वळण घेतले. हवाईत वाढलेले ताऊ मो आणि त्यांच्या पत्नी रोझ यांचा वादकसंच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास राहिला आणि तेथे या वादनाची गोडी वाढली. मुंबईत वॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या धुना विजेच्या गिटारवर लोकप्रिय केल्या. पुढे ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी तिच्यावर राग वाजविले. १९६७ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका त्याची साक्ष आहे. जयपूरच्या विश्वमोहन भट्ट यांनी आपल्या मोहनवीणेला तरफेच्या तारा जोडल्या. आपल्या संगीतास स्वरमेळांची निकड नाही; मींड हवी, आणि मागे षड्ज-पंचमाचा आधार हवा. म्हणून येथे राग थोड्या मुख्य तारांवर चालतो, बाकीच्या चिकारीला आणि गुंजनाला. तारा वाढल्या त्या इकडेही आणि तिकडेही, परंतु कारणे वेगळी.

आता कोणी भगिनी हे वाद्य घरी आणणार असेल तर दुकानदार प्रथम विचारील, सहा तारा की आठ? त्याला उत्तर देण्याआधी आपण काय वाजविणार ते मनाशी ठरवावे. भजन, भावगीत, राग वाजवावयाचे तर सहा तारा आणि षड्ज-पंचमाची साधी जुळवणी पुरेशी आहे. पाश्चात्य धर्तीची गाणी स्वरमेळांसह वाजवावयाची असतील तर धैवताची जुळवणी घ्यावी. हात बसल्यावर आठ तारांचा विचार करावा. जास्त तारांत नको ती तार वाजू न देणे हेच मोठे काम होऊन बसते. तार चढवावयाची असेल तर तिची जाडी त्या स्वराला साजेशी हवी, नाहीतर ती तुटते. आणि एकदा निवडलेली जुळवणी वर्षभर तरी बदलू नये. कान तिच्यात मुरावा लागतो. शेवटी एवढेच, की आपली जुळवणी वहीत स्वच्छ अक्षरात लिहून ठेवावी, आणि लेकीसुनांना, शेजारणींना, जो विचारील त्याला सांगावी.