विषुववृत्तीय आयनांबर कशामुळे बदलते?

बंगळुरूच्या हेब्बाळ परिसरापासून काही किलोमीटरवर, न्यू बीईएल रोडवर, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय आहे. या संस्थेने भारतीय विमानतळ प्राधिकरणासह 'गगन' ही विमानांना दिशादर्शन करणारी उपग्रहाधारित यंत्रणा उभारली, तेव्हा तिच्यापुढील मोठी अडचण आयनांबराची होती. भारताच्या दक्षिण टोकावरून चुंबकीय विषुववृत्त जाते. थुंबा येथून १९६३ मध्ये पहिले रॉकेट सोडण्यात आले, तेही याच कारणाने.

सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे आयनांबर निर्माण होते; त्यामुळे सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राबरोबर त्यातील इलेक्ट्रॉनांची घनता वाढते आणि घटते. परंतु एवढ्याने उलगडा होत नाही. दुपारी सर्वाधिक घनता विषुववृत्तावर असावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंना, सुमारे १५ चुंबकीय अक्षांशांवर आढळते. भारतात हा पट्टा अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता यांच्या आसपास येतो.

याचे मूळ खालच्या थरात आहे. सुमारे १०० किलोमीटर उंचीवरील वाऱ्यांमुळे दिवसा पूर्वाभिमुख विद्युत क्षेत्र तयार होते. विषुववृत्तावर चुंबकीय बलरेषा आडव्या असल्याने हे क्षेत्र प्लाझ्माला वर उचलते. पुढे तो बलरेषांवरून उत्तरेस व दक्षिणेस ओघळतो, कारंज्याच्या पाण्यासारखा. याच उंचीवर वाहणाऱ्या विषुववृत्तीय विद्युत्‌झोताची तीव्रता मोजण्यास अलिबागची वेधशाळा उपयोगी पडते: तिरुनेलवेली व अलिबाग येथील चुंबकीय नोंदींतील फरकावरून ती काढतात. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला हलले, हा योग विज्ञानाच्या पथ्यावरच पडला म्हणायचा.

खरी कसोटी सूर्यास्तानंतर लागते. विद्युत क्षेत्र उलटण्यापूर्वी क्षणिक बळावते, वरचा थर आणखी उंच जातो आणि खालून विरळ प्लाझ्माचे 'बुडबुडे' वर घुसतात. विषुवदिनांच्या आसपासच्या महिन्यांत, सौरचक्र तीव्र असताना, भारतात ते अधिक दिसतात. मे २०२४ मधील वादळासारखी चुंबकीय वादळे कधी या प्रक्रियेला चालना देतात, कधी ती दडपतात.

'गगन'ला २०१५ मध्ये उभ्या दिशेच्या मार्गदर्शनासह विमान उतरविण्यासाठी प्रमाणपत्र मिळाले. आयनांबरामुळे संदेशाला होणाऱ्या सर्वसाधारण विलंबाची दुरुस्ती ही यंत्रणा करते. बुडबुड्यांमुळे संदेश लुकलुकू लागून ग्राहकयंत्राची उपग्रहावरील पकडच सुटली, तर मात्र दुरुस्त करण्यासारखे मापनच उरत नाही. अशा वेळी वैमानिकाला विमानतळावरील रेडिओ साधनांकडेच वळावे लागते.