विठाबाई भाऊ मांग

नारपोलीत लूमवर रात्रपाळी मारणाऱ्या दोस्तांनो, तमाशा म्हटलं की आपण नाक मुरडतो. बाबासाहेबांनी पठ्ठे बापूरावांच्या तमाशाचा पैसा नाकारला, हे सांगून मोकळे होतो. पण फडात उभ्या राहिलेल्या बाईचं काय?

विठाबाई १९३५ साली पंढरपुरात जन्मली. बाप-चुलत्याचा फड, ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. जात फलकावरच! ती गायची, नाचायची, वगात काम करायची. पुढं स्वतःचा फड उभा केला. तमाशात दिग्दर्शक म्हणून वेगळा माणूस नसतो. गण-गवळणीपासून वगापर्यंत कोण कधी उभं राहील ते फडाचा धनीच ठरवतो. इथं धनीण होती.

खेळ चालू असताना कळा आल्या. आत जाऊन बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली, परत बोर्डावर जायला निघाली. लोक याला कलानिष्ठा म्हणतात. आम्ही म्हणतो, पोटाची खळगी, आणि समोर तिकीट काढून बसलेलं पब्लिक.

१९५७ आणि १९९०, दोनदा राष्ट्रपतींचा पुरस्कार. म्हातारपणी मात्र औषधाला पैसा नाही. २००२ च्या जानेवारीत गेली. दवाखान्याच्या बिलाला लोकांनी हातभार लावला. आता सरकार तिच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. त्या नावातलं ‘मांग’ तेवढं गाळलंय.