बहुपुटी अंडाशय लक्षणसमूह : संप्रेरकीय कारणे

जननक्षम वयातील स्त्रियांचा संप्रेरकविकार. इंग्रजी आद्याक्षरांवरून पीसीओएस, बोलण्यात ‘पीसीओडी’. लांबलेली पाळी, चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे, गर्भधारणेस विलंब ही लक्षणे. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ म्हणजे वाढ अर्ध्यावर थांबलेली बीजपुटके. ती विकाराचे कारण नव्हेत, परिणाम होत. 1935 मध्ये शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी 7 रुग्णांच्या अंडाशयाचा पाचरीच्या आकाराचा भाग कापला आणि पाळी परतली; त्यामुळे दोष अंडाशयाच्याच माथी बसला.

खरी गुंतागुंत मेंदू, अंडाशय आणि इन्शुलिन यांच्यात आहे. अधोथॅलॅमसचे इशारे जलद झाले की पीयूषिका ग्रंथी एलएच हे संप्रेरक जास्त आणि पुटक वाढवणारे एफएसएच तुलनेने कमी सोडते. एलएचमुळे अंडाशयातील थीका पेशी पुरुषी संप्रेरके वाढवतात. एफएसएच अपुरे पडल्याने एकही पुटक पक्व होत नाही, बीज सुटत नाही. बीज न सुटल्याने प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि इशाऱ्यांना लगाम राहत नाही. दुसरीकडे, इन्शुलिनला स्नायू दाद देत नाहीत (इन्शुलिन-प्रतिरोध) म्हणून स्वादुपिंड ते अधिक स्रवते, थीका पेशी मात्र त्याला पुरेपूर दाद देतात आणि पुरुषी संप्रेरके आणखी वाढवतात. शिवाय इन्शुलिन यकृतातील एसएचबीजी हे वाहक प्रथिन घटवते, त्यामुळे मोकळे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढते. मानेवरचा मखमली काळेपणा ही या इन्शुलिनचीच खूण. घासून जात नाही.

वजन जास्त नसलेल्या मुलीलाही हा विकार होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली, दिसायला सडपातळ पण आतून चरबी जास्त अशी भारतीय शरीरयष्टी इन्शुलिन-प्रतिरोधाला पोषक ठरते. मुंबईत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 15 ते 24 वयाच्या मुलींत निदानाच्या रॉटरडॅम निकषांनी 22.5 टक्के, तर अधिक काटेकोर निकषांनी 10.7 टक्के प्रमाण आढळले. निकष बदलले की आकडा निम्म्यावर येतो, हे वाचताना विसरू नये.

आहाराचे म्हणाल तर, जळगावसारख्या केळीच्या जिल्ह्यात ‘केळे खाऊ का?’ हा प्रश्न येणारच. एका फळाने हा विकार होत नाही आणि जातही नाही. याच खानदेशात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी घरचीच आहे. ती मैद्याच्या पदार्थांपेक्षा केव्हाही बरी, मात्र औषध नव्हे. आता निदानाविषयी : त्यापूर्वी थायरॉइडचे विकार, प्रोलॅक्टिनची वाढ आणि अधिवृक्क ग्रंथीचे जन्मजात दोष वगळावे लागतात. पहिल्या पाळीनंतरच्या 8 वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते.