बलुतं, नोट आणि बाबासाहेबांचा रुपया

मुंबईत भरलेल्या जुन्या नोटा-नाण्यांच्या प्रदर्शनात आम्ही काही मित्र मुद्दाम गेलो होतो. काचेखाली ब्रिटिश हिंदुस्थानच्या नोटा मांडलेल्या होत्या. भोवती उभे राहून लोक भाव विचारत होते. कोणती नोट कोरी आहे, कोणतीला घडी पडली आहे, कोणतीवर रंगूनचा शिक्का आहे, याचीच चर्चा. एका नोटेचे दोन तुकडे मागून कागद लावून जोडलेले होते. त्या काळी टपालात चोरी होऊ नये म्हणून व्यापारी नोट मधोमध कापून आधी एक अर्धा पाठवीत आणि तो पोचल्याची खबर आली की दुसरा. आम्ही विक्रेत्याला विचारले, "या नोटा तेव्हा हाताळत होतं तरी कोण?" तो म्हणाला, "सावकार, पेढीवाले, सरकारी खजिने. गरिबाकडे कुठली नोट?"

त्याने सहज सांगितले, पण आमच्या दृष्टीने त्या प्रदर्शनातली सर्वात महत्त्वाची गोष्ट तीच होती.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार बंगाल, मुंबई आणि मद्रासच्या बँकांकडून काढून सरकारने स्वतःकडे घेतला. सुरुवातीला सर्वात लहान नोट होती दहा रुपयांची. पाच रुपयांची नोटसुद्धा दहाएक वर्षांनी आली. शिवाय नोट ज्या मंडलाची असेल तिथेच ती कायदेशीर चलन. मुंबईची नोट कलकत्त्यात कुणी घेतलीच पाहिजे असे बंधन नव्हते. हीच मंडले आज संग्राहकांना वेड लावतात, कारण लाहोर, कराची किंवा अक्याबचे नाव असले की किंमत चढते. एक रुपयाची कागदी नोट आली ती थेट नोव्हेंबर १९१७ मध्ये, तीही रयतेच्या सोयीसाठी नव्हे. महायुद्धामुळे चांदीची टंचाई झाली होती आणि नाणी पाडायला धातू पुरत नव्हता. पाठोपाठ अडीच रुपयांची विचित्र नोटही निघाली. आज तिच्यासाठी संग्राहकांच्या उड्या पडतात.

आता याच काळात आपले पणजोबा काय कमावत होते? महाराचे काम गावकीचे: सांगावा नेणे, गुरे ओढणे, सरकारी अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे. मोबदला म्हणजे खळ्यावरचे पसाभर धान्य, उरलीसुरली भाकरी आणि वतनाच्या जमिनीचा तुकडा. त्या मेहनतीला भाव नव्हता, कारण ती कधी पैशात मोजलीच गेली नाही. ज्याची मजुरी भाकरीत मिळते त्याला गाव सोडून जाता येत नाही. भाकरी पुढच्या गावात चालत नाही.

म्हणून बाबासाहेबांच्या दोन कामांकडे एकत्र पाहायला हवे. आपल्या चळवळीत ती दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवली जातात. १९२३ मध्ये लंडनला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाले. केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी केली होती, तिच्यावर या ग्रंथात उघड हल्ला आहे. प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅननसुद्धा बाबासाहेबांच्या सगळ्या मतांशी सहमत नव्हते आणि त्यांनी ते लपवले नाही. रुपये पाडण्याचा सरकारचा मनमानी अधिकारच काढून घ्या, ही मागणी त्यात आहे. पण आमच्या मते त्यातला सर्वात धारदार मुद्दा मजुराचा. रुपया घसरला की निर्यातदार आणि मालक खूश होतात, देशाचा फायदा झाला असे म्हणतात. बाबासाहेब विचारतात, हा फायदा आला कुठून? परदेशातून नव्हे. वस्तूंचे भाव चढतात आणि मजुरी मागे राहते, त्या फटीतून. एका वर्गाचे नुकसान दुसऱ्याच्या खिशात जाते.

पाचच वर्षांनी, १९२८ मध्ये, तेच बाबासाहेब मुंबई विधिमंडळात महार वतनाचे बिल मांडतात. बलुत्याची सक्ती संपवून त्याऐवजी रोख रक्कम मिळावी, ही त्यातली प्रमुख मागणी. ते बिल पुढे मागे घ्यावे लागले आणि ही वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. पण धागा पाहा: लंडनमध्ये ते म्हणतात, मजुराच्या हातातल्या रुपयाची किंमत टिकली पाहिजे. मुंबईत म्हणतात, आधी तो रुपया त्याच्या हातात तर येऊ द्या.

रोख पैसा म्हणजे आपोआप मुक्ती, असा याचा अर्थ कुणी काढू नये. ब्रिटिश पूर्व आफ्रिकेच्या नोटा संग्राहकांत दुर्मिळ मानल्या जातात आणि गंमत म्हणजे त्यांच्यावर रुपयेच छापलेले आहेत. १९२० पर्यंत केनियात रुपया चालत असे. तिथे इंग्रजांनी झोपडीकर बसवला आणि तो रोखीत मागितला. कर भरायला रोख हवी आणि रोख मिळवायची तर गोऱ्यांच्या मळ्यावर राबायला जावे लागे. तिथे त्याच रुपयाने माणसाला जखडले. फरक कागदात नाही. मजुरी कोण ठरवतो आणि काम नाकारायची मुभा आहे की नाही, यात आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या गटांमध्ये "बाबासाहेबांनी रिझर्व्ह बँक स्थापन केली" असा मजकूर दर १४ एप्रिलला फिरतो. मित्रांनो, हे असे लिहू नका. बाबासाहेबांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली, रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ ला बँकेचे काम सुरू झाले. बँकेची शिफारस आयोगाची, कायदा सरकारचा. त्या आयोगापुढे महाराच्या घरात जन्मलेला तरुण अर्थतज्ज्ञ साम्राज्याच्या चलननीतीतल्या चुका दाखवत बसला होता, हे खरे चित्र त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठे आहे. विरोधकाला एक खोटे वाक्य सापडले की तो दहा खरी वाक्ये उडवून लावतो. नोटेवर बाबासाहेबांचा फोटो हवा ही मागणी आमचीही आहे. मागणी करणाऱ्यांपैकी किती जणांनी रुपयावरचा ग्रंथ उघडला, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला आणि आमच्यातल्या निम्म्यांची मान खाली गेली.

प्रदर्शनातून निघताना पंचम जॉर्जची पाच रुपयांची नोट पाहिली, नाशिकला छापलेली. इंग्लंडहून छापून येणाऱ्या नोटा त्या सुमारास नाशिकच्या छापखान्यात निघू लागल्या आणि १९३२ पर्यंत सगळ्या तिथेच छापल्या जाऊ लागल्या. त्याच नाशिकात २ मार्च १९३० पासून आपली माणसे काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे उभी होती. विक्रेत्याला हे सांगितले. त्याने नोट पुन्हा एकदा उलटून पाहिली आणि म्हणाला, "हे माहीत नव्हतं." मग त्याने भाव सांगितला. तो आमच्या आवाक्यातला नव्हता.