‘सिमला बीट’च्या दोन तबकड्या

पांडवलेण्यांत गेल्यावर आपण दात्यांची नावे वाचतो. नहपानाचा जावई उषवदात याने ३ लक्ष गायी दान दिल्या, हे दहाव्या लेण्यात कोरलेले आहे; दगड फोडणाऱ्या हातांची नावे मात्र तेथे नाहीत. ज्या दोन तबकड्यांचा येथे विचार करावयाचा, त्यांचीही गत तीच झाली. ‘सिमला’ हे सिगारेटचे नाव. इंपीरियल टोबॅको कंपनीने जाहिरातीसाठी तरुण वादकसंघांच्या अखिल भारतीय स्पर्धा भरविल्या, मुंबईस षण्मुखानंद सभागृहात त्या रंगल्या, आणि निवडक संघांची गाणी ‘सिमला बीट’ या नावाने १९७० व १९७१ साली तबकड्यांवर उतरली. दाता तेवढा लक्षात राहिला.

ही गाणी इंग्रजी, वाद्ये विजेची, आवाज कर्कश. तेव्हा साहेबाची नक्कल म्हणून आपल्याकडे ती कोणी इतिहासात धरली नाहीत. पण साहेबाने तरी ती कोठून आणली? अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांचे ‘ब्लूज’ हे गाणे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचे. जात्यावरची ओवी ऐकलेल्यांस यात परके काही वाटू नये. हे मजूर शिकागोस गेले, तेथे गिटारला वीज मिळाली, आणि इंग्लंडच्या पोरांनी तोच आवाज आणखी चढवून ‘हार्ड रॉक’ घडविले.

‘किलिंग फ्लोअर’ या एका गाण्याचा प्रवास पाहा. मिसिसिपीत जन्मलेल्या हाउलिन वुल्फने ते १९६४ साली ध्वनिमुद्रित केले. १९६९ साली ‘लेड झेपेलिन’ या विख्यात इंग्रज संघाने त्यावरून ‘द लेमन साँग’ रचले आणि तबकडीवर मूळ रचनाकाराचे नाव घातले नाही. प्रकाशकाने दावा लावल्यावर पुढे ते घालावे लागले. आमच्या ‘हिप्नॉटिक आय’ संघाने हेच गाणे ‘सिमला बीट’साठी वाजविले, ते मूळ नावानेच. नक्कल म्हणायची तर दोन्ही नकला. त्यांत प्रामाणिक कोणती, ते वाचकांनीच ठरवावे.

सगळेच काही नकलेचे नव्हते. मद्रासच्या ‘कन्फ्यूजन्स’ने आणि शिलाँगच्या ‘फेंटोन्स’ने स्वतःच्या रचना आणल्या. काही गाणी अगदीच सामान्य आहेत, काहींत इंग्रजी उच्चारांची ओढाताण ऐकू येते, हेही सांगितले पाहिजे. परंतु गिटारचा तो जाड, घोगरा सूर लागतो, तेथे ही मुले उसने बोलत नाहीत.

आपल्याकडे या तबकड्या विस्मरणात गेल्या असता त्या पुन्हा बाजारात आल्या त्या जर्मनीतून. गाणी वाचली, वादकांची हकीकत अद्याप लिहावयाची आहे. त्या सभागृहात विशीत असलेले आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. कोणाची गिटार कोणी बनविली, तालमी कोठे होत, घरचे काय म्हणत, हे त्यांना आताच विचारले पाहिजे.