हुज्जत, तकरीर आणि रासोनार

ऑफिसात मेक्सिकोच्या टीमबरोबर काम सुरू झाल्यापासून रोज रात्री थोडं स्पॅनिश शिकतोय. परवाच्या धड्यात 'रासोनार' हे क्रियापद आलं: कारणं देत विचार करणं, मुद्द्यावर बोलणं. त्यातल्याच 'रासोन'वरून 'तिएनेस रासोन', म्हणजे शब्दशः 'तुझ्याकडे कारण आहे', अर्थ 'तुझं बरोबर आहे'. मूळ लॅटिन 'रातिओ', म्हणजे हिशोब. आपल्या रेशनकार्डातलं रेशनही तिथूनच आलंय!

त्याउलट 'दिस्कुतीर'. इंग्रजी डिस्कसचं सख्खं भावंड, म्हणून मी कॉलवर बिनधास्त वापरलं, तर समोर शांतता. 'मला तुमच्याशी भांडायचंय' असं बोलून बसलो होतो. असो.

शनिवारी हमरापूरला मामाकडे गेलो. तिथे घरोघरी गणपतीचे कारखाने, मामाचाही आहे. सध्या एकच विषय, शाडू की पीओपी? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीला मनाई केली, मग कोर्टकचेऱ्या, आणि जून २०२५ मध्ये हायकोर्टाने मूर्ती घडवायला परवानगी दिली, पण नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला नाही. मामेभाऊ म्हणतो शाडूकडे वळूया. मामा म्हणतो, "शाडू वाळेपर्यंत सीझन संपेल."

आवाज चढले तशी मामी आतून म्हणाली, "झाली यांची हुज्जत सुरू!"

हुज्जत! अरबीत 'हुज्जा' म्हणजे चक्क पुरावा. आपल्याकडे येईपर्यंत पुरावा गळाला आणि नुसतं घालणं उरलं. तक्रारीचंही तसंच, अरबी 'तकरार' म्हणजे पुनरावृत्ती. (कस्टमर सपोर्टमध्ये काम केलेल्यांना हे पटेल.) आणि अरबी-फारशीलाच दोष का द्या? न्यायसूत्रांत वाद म्हणजे सत्य शोधण्यासाठीची चर्चा, जल्प म्हणजे जिंकण्यासाठीची, आणि वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची फक्त खोडणं. आज आपण तिन्हीला 'वाद' म्हणून मोकळे होतो.

पण आपल्याकडे रासोनारची पद्धत होती, आणि ती गावच्या पातळीवर होती. वि. त्र्यं. गुणे यांचं १९५३ साली निघालेलं मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचं इंग्रजी पुस्तक यासाठी जरूर चाळा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की दोघांकडून राजीनामा घेत. नोकरी सोडायचा नव्हे हो! 'जो निवाडा होईल त्याला आम्ही राजी' असा कागद. मग प्रत्येकाची तकरीर, म्हणजे ज्याचं त्याचं म्हणणं, लिहून घेत. नंतर जुने कागद, साक्षी, निवाडा. जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. हरणाऱ्याला यजितखत द्यावं लागे, आपली बाजू खोटी ठरली असं स्वतःच्या नावाने लिहून. आधी राजी व्हा, मग बोला, हरलात तर लेखी द्या. आमच्या डिझाइन रिव्ह्यूत यातलं एकही होत नाही.

मी हे जेवताना सांगितलं. मामा हसला, "म्हणजे मी आधीच राजीनामा देऊ होय?" पण मामेभावाने रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रकाने आखले. माती, मजुरी, वाळायचे दिवस, वाहतुकीत फुटणाऱ्या मूर्ती.

मामाने चष्मा लावून बराच वेळ वाचलं. मग म्हणाला, "वजन कुठाय? शाडूची मूर्ती जड. टेम्पोत किती बसतील ते धर."

सकाळी मी निघालो तेव्हा तिसरा रकाना आखला जात होता.