प्लेग, अफवा आणि इतबार

पुण्यात १८९७ च्या प्लेगची गोष्ट निघाली की ती रँडपासून सुरू होते आणि चापेकरांच्या फाशीपाशी संपते. वर्गात आम्हीही ती तशीच शिकवत आलो. परंतु करोनाच्या काळात सर्वेक्षणाच्या कामावर मोहल्ल्यात घरोघरी फिरल्यावर ती पुन्हा वाचावीशी वाटली. या वेळी गोळी कोणी झाडली यापेक्षा, त्याआधीचे तीन महिने लोक आपल्या आजारी माणसाला माळ्यावर आणि कोठीत का लपवत होते, हा प्रश्न आमच्या समोर होता.

मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग उघडकीस आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने १३ मार्चपासून गोऱ्या सोजिरांकरवी घरझडती सुरू केली. झडती देवघरापर्यंत गेली, जनान्यापर्यंत गेली. रोगी इस्पितळात, घरची माणसे छावणीत, सामान रस्त्यावर. शास्त्र म्हणून त्यातल्या बऱ्याच गोष्टी, निदान अलग ठेवण्याची गोष्ट, चुकीच्या नव्हत्या. टिळकांनी ‘केसरी’त सोजिरांच्या वागणुकीवर कोरडे ओढले, पण त्यांनीच हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. आणि आपल्याकडे तर, साथ असलेल्या गावात जाऊ नये, असलेल्या गावातून निघू नये, ही हदीस लहानपणापासून कानावर पडलेली असते. म्हणजे अलग राहण्याला ना शास्त्राची हरकत होती, ना दीनची. लोक बिथरले ते कोण नेतो आणि कसा नेतो यावरून.

याचा पुरावा त्याच महिन्यात, पुण्याच्याच वेशीवर आहे. हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या वस्तीतले एक आजारी मूल सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घालून तिथवर आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. सोजिरांची झडती सुरू झाली ती त्यानंतर तीनच दिवसांनी. दोन्हीकडे रोगी घरातून उचलून गावाबाहेरच न्यायचा होता.

मुंबईत तर अफवांना ऊत आला होता. इस्पितळात माणसाच्या अंगातून ‘मोमियाई’ काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून राणीला माणसांची काळजे हवी आहेत, वगैरे. (ते डांबर फासणारे दामोदर चापेकरच, हे पुढे त्यांच्याच जबानीतून कळले.) त्याच वर्षी युरोपीय सरकारांच्या दडपणाने हिंदुस्थानातून हजला जाण्यावर बंदी आली, तेव्हा मुसलमानांच्या संशयाला आणखी एक खुंटी मिळाली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा घरातली बारा वर्षांची आजारी मुलगी न्यायला पथक आले आणि दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली.

आपण याला अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. बी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात पाव्हलॉव्हचा कुत्रा होता, अफवा नव्हती. पुढे कळले की ऑलपोर्ट आणि पोस्टमन या अमेरिकन अभ्यासकांनी १९४७ साली अफवेचे जणू गणितच मांडले होते: गोष्ट जितकी जिवाची आणि माहिती जितकी धूसर, तितकी अफवा जोरात. आणि हा गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य झाले की अफवा उरत नाही. त्याहून आम्हाला पटला तो आपल्याच देशातल्या जमुना प्रसाद यांचा अभ्यास. १९३४ च्या बिहार भूकंपात ज्यांना हादरा बसला पण ज्यांच्या डोळ्यांपुढे काही पडले नाही, अशा लोकांत पुढच्या मोठ्या संकटाच्या अफवा उठल्या. लिऑन फेस्टिंजर यांनी यावरून ताडले की या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. आधीच असलेल्या भीतीला साजेसे कारण पुरवत होत्या. त्यांचा १९५७ चा प्रसिद्ध सिद्धांत याच विचारातून निघाला.

आता हे २०२० ला लावून पाहा. मार्चमध्ये पुण्यात रुग्ण सापडले, तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर आला आणि महिनाअखेरीस निजामुद्दीनच्या मरकजची बातमी आली. घरात कोंडलेल्या, घाबरलेल्या कोट्यवधी लोकांना भीतीचे कारण हवे होते. ते दाढी-टोपीसकट वाहिन्यांनी पुरवले. भाजीवाल्याला गल्लीत शिरताना नाव विचारले जाऊ लागले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते, असे स्पष्ट म्हटले. तोवर व्हायचे ते नुकसान झाले होते.

ते नुकसान नुसते बदनामीचे नव्हते. ज्याच्यावर आळ असतो तो ताप लपवतो. भवानी पेठेच्या गल्ल्यांत आम्ही थर्मामीटर घेऊन फिरलो तेव्हा ज्या घरातून खोकला ऐकू येत होता, त्याच घरातून ‘यहाँ सब ठीक है’ असे उत्तर मिळे. आम्ही उर्दू शाळेचे मास्तर, तरी हातात सरकारी कागद म्हणजे आम्हीही सोजीरच. दोष फक्त बाहेरच्यांचा नाही, हेही लिहिले पाहिजे. मोबाईलवर फिरणाऱ्या ध्वनिफिती आपल्याच लोकांनी आपल्यालाच पाठवल्या, आणि लशीत डुकराची चरबी आहे हे सांगणारे आमच्या स्टाफरूममध्येही निघाले.

पण त्याच एप्रिलमध्ये आझम कॅम्पसने आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी दिला, ऐंशी खाटांचा. ‘वहाँ तो मस्जिद में रखते हैं’ हे वाक्य आम्ही एका दारात ऐकले आणि त्या दिवशी त्या घरातला माणूस तपासणीला आला.

हे नवे नाही. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली होती, तरी लोक बिचकत होते. तेव्हा विशीतले आगाखान तिसरे यांनी चारचौघांत दंड पुढे केला आणि ती बातमी जमातीत पोचेल असे पाहिले. हाफकिन यांच्या कामाला त्यांनी आपली जागाही दिली. हजारो खोजांनी लस घेतली. ज्या शहरात ही सुई विष ठरली होती, त्याच शहरात.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही एका म्हाताऱ्या खालांना लशीबद्दल समजावत होतो. टक्केवारी सांगितली, चरबीचा खुलासा केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “तुम लिये क्या, सर?” आम्ही मोबाईलवर प्रमाणपत्र काढले. त्यांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. बाही वर करायला सांगितली. दंडावर आता दिसण्यासारखे काही नव्हते. त्यांनी तिथे बोट लावून पाहिले, “दुखा?” म्हणून विचारले. दोन दिवस दुखले होते, तसे खरे सांगितले.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुनेला घेऊन रांगेत उभ्या होत्या.